पार्ट-टाइम शिकताय म्हणून एज्युकेशन क्रेडिट सोडू नका: अमेरिकेत पहिल्यांदा क्लेम करणाऱ्यांसाठी

अमेरिकेत येऊन दोन-चार वर्षं झाली की आपल्या मंडळींत कोणीतरी कॉलेजला जायला लागतंच. एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या एच-१बी नोकरी-व्हिसाच्या आधारे आलेली बायको कम्युनिटी कॉलेजात अकाउंटिंगचे दोन विषय घेते, नवरा नोकरी सांभाळून संध्याकाळचं मास्टर्स करतो, नाहीतर पोरगा अर्धा दिवस दुकानात काम आणि अर्धा दिवस क्लास असं चालवतो. जानेवारीत कॉलेजकडून १०९८-टी (वर्षभरात भरलेल्या फीचा टॅक्स फॉर्म) आला की व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरलेला प्रश्न येतो, "आम्ही पार्ट-टाइम आहोत, आम्हाला टॅक्समध्ये काही मिळतं का?" आणि कोणीतरी अगदी ठामपणे सांगून टाकतं, "नाही हो, ते फुल-टाइमवाल्यांना असतं."

असं काही नाहीये. फेडरल टॅक्समध्ये शिक्षणाची दोन क्रेडिट्स, म्हणजे टॅक्समधून सरळ वजा होणाऱ्या रकमा, आहेत, अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी आणि लाइफटाइम लर्निंग, आणि दोन्हींत फुल-टाइमची अट नाही. पहिल्याला वर्षातल्या निदान एका टर्मला हाफ-टाइम असावं लागतं, दुसऱ्याला तेही लागत नाही, एकच विषय घेतला तरी चालतो. खरी गंमत अशी की काही घरांत पोरगा पार्ट-टाइम असल्यामुळेच जास्त पैसे परत येतात, ते पुढे सांगतो.

खालचे आकडे २०२५ च्या रिटर्नसाठी आहेत, म्हणजे जे २०२६ च्या १५ एप्रिलपर्यंत भरायचं. आणि हो, कॉलेजातही विषयांना क्रेडिट म्हणतात आणि टॅक्समध्येही क्रेडिट, त्यामुळे इथे कॉलेजवाल्याला मी युनिट म्हणतो, नाहीतर डोक्याचा भुगा होईल.

आधी हे बघा की टॅक्ससाठी तुम्ही रेसिडेंट आहात का

व्हिसा वेगळा आणि टॅक्समधलं रेसिडेंट असणं वेगळं. ग्रीन कार्ड असेल तर प्रश्नच नाही. एच-१बी आणि एच-४ वाल्यांचे दिवस मोजले जातात: चालू वर्षात निदान ३१ दिवस इथे, आणि या वर्षीचे सगळे दिवस अधिक गेल्या वर्षीच्या दिवसांचा एक तृतीयांश अधिक त्याच्या आदल्या वर्षीच्या दिवसांचा एक षष्ठांश मिळून १८३ झाले की तुम्ही रेसिडेंट. वर्षभर इथेच असाल तर हे आपोआप होतं.

एफ-१ वाल्यांचं, म्हणजे विद्यार्थी व्हिसावाल्यांचं, तसं नाही. त्यांची पहिली पाच कॅलेंडर वर्षं मोजणीतच धरत नाहीत, त्यामुळे ते नॉनरेसिडेंट म्हणून १०४०-एनआर हा वेगळा रिटर्न फॉर्म भरतात आणि तिथे ही दोन्ही क्रेडिट्स मिळत नाहीत. भारतातून आलेल्या विद्यार्थ्यांना टॅक्स कराराच्या कलम २१ मुळे स्टँडर्ड डिडक्शन (उत्पन्नातून सरसकट वजावट) मिळतं, ते घ्या, पण ते आणि हे क्रेडिट एक समजू नका. दर वर्षी कोणीतरी एफ-१ वाला साध्या सॉफ्टवेअरमध्ये १०४० (रेसिडेंटवाला फॉर्म) भरून एक हजार डॉलर रिफंड घेतो आणि मित्रांना सांगत सुटतो, मग मित्रही तेच करतात. तो रिफंड पुढे परत मागितला जाऊ शकतो, वर व्याज आणि दंड. तेव्हा नका करू.

वर्षाच्या मध्यात एच-१बी वर आलात तर ते वर्ष ड्युअल-स्टेटस (थोडे दिवस नॉनरेसिडेंट, थोडे रेसिडेंट) धरलं जातं आणि त्यातही क्रेडिट नाही. पण लग्न झालेलं असेल आणि दोघांपैकी एक जण वर्षअखेरीला रेसिडेंट असेल तर दोघांनी मिळून पूर्ण वर्ष रेसिडेंट धरा असं लेखी निवडता येतं, मग जॉइंट रिटर्न आणि क्रेडिटही. फक्त लक्षात ठेवा, असं केलं की पुण्यातल्या एफडीचं व्याज आणि नाशिकच्या फ्लॅटचं भाडं, सगळं जगभरचं उत्पन्न इथे दाखवावं लागतं. दोनशे डॉलरच्या क्रेडिटसाठी ते परवडतं का हे आधी मांडून बघा.

मग उत्पन्न

ही पायरी छोटी आहे पण बऱ्याच जणांचा प्रवास इथेच संपतो. दोन्ही क्रेडिट्सना मर्यादा एकच: एकट्याने रिटर्न भरणाऱ्याला ८०,००० डॉलरपर्यंत पूर्ण, ९०,००० ला शून्य, आणि जॉइंटला १,६०,००० पर्यंत पूर्ण, १,८०,००० ला शून्य. मधल्या पट्ट्यात प्रमाणात कमी होतं, म्हणजे जॉइंट १,७०,००० असेल तर निम्मं. हे आकडे महागाईप्रमाणे वाढत नाहीत, त्यामुळे बे एरियात दोघंही आयटीत असलेली जोडपी जवळपास सगळीच बाहेर पडतात. नवरा-बायकोने वेगवेगळं रिटर्न भरलं तर उत्पन्न कितीही कमी असो, दोन्ही क्रेडिट्स बंद.

मोजायचा आकडा म्हणजे पगाराचं पॅकेज नाही, रिटर्नवरचं ॲडजस्टेड ग्रॉस इन्कम, आणि प्री-टॅक्स ४०१(के) या निवृत्तीच्या खात्यामध्ये टाकलेले पैसे त्यातून आधीच वजा झालेले असतात. जॉइंट उत्पन्न १,६८,००० च्या आसपास असेल तर ४०१(के) आणि एचएसए (आरोग्यखर्चाचं बचत खातं) मध्ये थोडं जास्त टाकून आठ हजारांनी खाली येणं शक्य असतं. पण हे डिसेंबरच्या आत करायचं, कारण पगारातून कापायचं ४०१(के) एप्रिलमध्ये मागच्या वर्षासाठी भरता येत नाही. एचएसए मात्र एप्रिलपर्यंत भरता येतं.

उत्पन्न मर्यादेबाहेर असेल तरी घरात अठरा-एकोणीसच्या पुढचं पोर कॉलेजात असेल तर पोरांचा भाग वाचा.

आता दोनपैकी कुठलं क्रेडिट

अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी, ज्याला सगळे एओटीसी म्हणतात, ते एका विद्यार्थ्यामागे जास्तीत जास्त २,५०० डॉलर. पहिल्या २,००० डॉलर खर्चावर शंभर टक्के, पुढच्या २,००० वर २५ टक्के. आणि त्यातला ४० टक्के भाग, म्हणजे जास्तीत जास्त १,००० डॉलर, तुमचा टॅक्स शून्य असला तरी हातात येतो. अटी अशा: डिग्री किंवा मान्यताप्राप्त सर्टिफिकेटसाठी शिकत असायला हवं, वर्षात सुरू झालेल्या निदान एका टर्मला हाफ-टाइम किंवा जास्त, वर्षाच्या सुरुवातीला कॉलेजची पहिली चार वर्षं पुरी झालेली नसावीत, आधी चार टॅक्स वर्षांत हे क्रेडिट घेतलेलं नसावं, आणि ड्रग्जच्या गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेली नसावी.

लाइफटाइम लर्निंग, म्हणजे एलएलसी (कंपनीवालं एलएलसी नव्हे), हे खर्चाच्या २० टक्के, जास्तीत जास्त १०,००० डॉलर खर्चावर, म्हणजे २,००० डॉलर, आणि तेही पूर्ण रिटर्नला मिळून, माणशी नाही. टॅक्स शून्य असेल तर यातलं काही हातात येत नाही. पण वर्षांची मर्यादा नाही, हाफ-टाइमची अट नाही, मास्टर्सला चालतं, आणि नोकरीच्या कामाचं काही शिकत असाल तर डिग्रीसाठी नाव घातलेलं नसलं तरी चालतं.

एका विद्यार्थ्यासाठी एका वर्षात दोनपैकी एकच. पण एकाच रिटर्नवर पोरासाठी एओटीसी आणि आईसाठी एलएलसी असं घेता येतं.

दोघांतला फरक किती पडतो ते बघा. कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजची फी तिथल्या रहिवाशांना एका युनिटला ४६ डॉलर आहे. समजा एखादीने स्प्रिंगला ६ युनिट घेतले आणि फॉलला ३, म्हणजे ९ युनिट, ४१४ डॉलर. वर ३५० डॉलरची पुस्तकं, अर्धी सेकंडहँड, ऑनलाइन घेतलेली. एओटीसी घेतलं तर ७६४ च्या ७६४ डॉलर क्रेडिट, म्हणजे शिक्षण फुकट. एलएलसी घेतलं तर ४१४ चे २० टक्के, ८३ डॉलर, कारण बाहेरून घेतलेली पुस्तकं तिथे धरत नाहीत. स्वस्त कॉलेजात शिकणाऱ्याला एओटीसीचं हे पहिल्या दोन हजारांवरचं शंभर टक्के म्हणजे लॉटरी आहे, आणि नेमकी हीच मंडळी "आपली फी ती किती" म्हणून फॉर्मच भरत नाहीत!

आता ह्याच उदाहरणात थोडा बदल करा. तिने वर्षभरात दोनच विषय घेतले, स्प्रिंगला ३ युनिट आणि फॉलला ३. कुठल्याच टर्मला हाफ-टाइम नाही, एओटीसी गेलं. तेच दोन विषय फॉलला एकत्र घेतले तर ६ युनिट, बहुतेक कॉलेजांत हाफ-टाइम, एओटीसी मिळालं. फी तीच, विषय तेच, फक्त टाइमटेबल वेगळं. आणि एक टर्म हाफ-टाइम झाली की त्या वर्षातल्या बाकीच्या टर्मचा खर्चही धरता येतो, ती टर्म तीन युनिटची असली तरी. पार्ट-टाइमवाल्यांनी ह्या लेखातून एकच गोष्ट घ्यायची म्हटली तर मी ही सांगेन, विषयांची नोंदणी करतानाच हा विचार करा, एप्रिलमध्ये नाही.

हाफ-टाइम कोण ठरवतं

तुमचं कॉलेज ठरवतं, तुम्ही नाही आणि तुमचा सीपीएही (टॅक्सवाला अकाउंटंट) नाही. साधारण १२ युनिट फुल-टाइम आणि ६ युनिट हाफ-टाइम असं अंडरग्रॅज्युएटला असतं, पण समर टर्म किंवा क्वार्टर सिस्टिमच्या कॉलेजात आकडा वेगळा असू शकतो, तेव्हा रजिस्ट्रारच्या पानावर बघा. समर टर्मही टर्मच आहे, तिथे हाफ-टाइम बसलात तरी चालतं.

१०९८-टी वर ८ नंबरच्या चौकोनात खूण असेल तर कॉलेज म्हणतंय की तुम्ही निदान हाफ-टाइम होता. कधीकधी खूण नसते आणि प्रत्यक्षात तुम्ही असता, तेव्हा घाबरायचं नाही, कॉलेजच्या पोर्टलवरून एन्रोलमेंट व्हेरिफिकेशनचं पत्र काढून फाइलला लावा आणि कॉलेजला फॉर्म सुधारायला सांगा. उलटंही होतं, म्हणजे खूण आहे पण नंतर विषय सोडले आणि फी परत मिळाली. तेव्हा परत आलेली फी खर्चातून वजा करावी लागते.

जानेवारीच्या टर्मचं एक वेगळंच आहे. जानेवारी ते मार्च २०२६ मध्ये सुरू होणाऱ्या टर्मची फी तुम्ही डिसेंबर २०२५ मध्येच भरली तर ती २०२५ च्या खात्यात धरतात, आणि त्या टर्मला हाफ-टाइम असाल तर २०२५ ची हाफ-टाइमची अटही त्यावर भागते. म्हणजे वर्षभर एकेक विषय घेतला आणि पुढच्या स्प्रिंगला दोन घेणार असाल तर फी डिसेंबरमध्ये भरून टाकायची. मात्र तोच खर्च पुढच्या वर्षी परत दाखवायचा नाही.

भारतातली डिग्री आडवी येते का

हा प्रश्न एच-४ वाल्या बहुतेकींना पडतो. पुण्याला बी.कॉम. केलंय, इथे कम्युनिटी कॉलेजात असोसिएट डिग्रीला नाव घातलंय, तर "पहिली चार वर्षं" झाली का नाही? नियम असा की तुम्ही जिथे शिकताय त्या कॉलेजने तुमच्या आधीच्या शिक्षणाचे चार वर्षांचे युनिट वर्षाच्या सुरुवातीपर्यंत दिलेत का ते बघायचं. कॉलेजने तुमच्या मार्कशीटचं इव्हॅल्युएशन करून त्यातले थोडेच युनिट मान्य केले असतील तर चार वर्षं झालेली नाहीत. चार वर्षांचं बी.ई. करून आलात आणि कॉलेजने ते पूर्ण धरलं, किंवा तुम्ही सरळ मास्टर्सलाच आहात, तर एओटीसी विसरा आणि एलएलसी घ्या. १०९८-टी वर ९ नंबरच्या चौकोनात ग्रॅज्युएट विद्यार्थ्याची खूण असते, ती एकदा बघून घ्या. मध्येच कुठेतरी असाल तर कॉलेजकडून किती युनिट मान्य झाले ते लेखी घ्या. ते मिळत नसेल तर माझं मत, एलएलसी घेऊन शांत झोपा.

चार वर्षांचा कोटा उधळू नका

एओटीसी एका माणसाला आयुष्यात चारच टॅक्स वर्षं. फुल-टाइमवाला चार वर्षांत डिग्री घेतो, त्याला फार विचार करायचा नसतो. पार्ट-टाइमवाल्याला सहा-आठ वर्षं लागतात, म्हणून त्याने कुठली चार वर्षं निवडायची हा खरा प्रश्न.

समजा पहिली तीन वर्षं कम्युनिटी कॉलेज, खर्च सातशेच्या आसपास, आणि मग स्टेट युनिव्हर्सिटीत बदली, तिथे पार्ट-टाइम असूनही वर्षाला चार हजारांच्या वर फी. चार हजार खर्चावर एओटीसी पूर्ण २,५०० मिळतं. तिथे चार वर्षं लागणार असतील तर आधीची सातशेवाली वर्षं एओटीसीवर घालवणं म्हणजे सोन्याच्या भावाने पितळ विकत घेणं, तेव्हा आधी एलएलसी घ्या, त्या वर्षांत बरंच कमी मिळेल. पण उलट बाजूही आहे, आयुष्य प्लॅनप्रमाणे चालत नाही, मूल होतं, नोकरी बदलते, व्हिसा बदलतो, उत्पन्न मर्यादेबाहेर जातं, आणि वाचवून ठेवलेला कोटा तसाच राहतो. बदली नक्की ठरलेली असेल तरच वाट बघा, नाहीतर आज मिळतंय ते घ्या असं मी सांगतो.

पोरगा किंवा पोरगी पार्ट-टाइम असेल तर

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो आणि इथेच सगळ्यात जास्त पैसे अडकलेले असतात. साधा नियम: पोराला तुम्ही डिपेंडंट, म्हणजे रिटर्नवर तुमच्यावर अवलंबून असलेला, दाखवलंत तर क्रेडिट तुम्हाला, फी पोराने स्वतःच्या कमाईतून भरली असली तरी. डिपेंडंट नसेल तर क्रेडिट त्याचं, फी बापाच्या कार्डावरून गेली असली तरी.

मग डिपेंडंट कधी? १९ च्या आत असेल तर बाकीच्या अटी पाळून तो तुमचा, शिकत असो नसो. १९ ते २३ मध्ये असेल तर मूल म्हणून धरायला तो वर्षातले निदान पाच महिने फुल-टाइम विद्यार्थी असावा लागतो. आणि हे फुल-टाइम, हाफ-टाइम नव्हे! म्हणजे तुमचा वीस वर्षांचा पोरगा सहा-सहा युनिट घेऊन उरलेल्या वेळात दुकानात काम करत असेल तर तो ह्या खिडकीत बसत नाही. दुसरी खिडकी नातेवाईक म्हणून, पण त्यासाठी त्याचं २०२५ चं उत्पन्न ५,२०० डॉलरच्या आत हवं आणि अर्ध्याहून जास्त खर्च तुम्ही उचललेला हवा. दुकानात वर्षभर काम केलं तर ५,२०० कधीच ओलांडले जातात.

तरीही आईवडील सवयीने त्याला डिपेंडंट दाखवतात, "आमच्याच घरात राहतो, जेवतो, मग आमचाच ना" म्हणून. आपल्या हिशोबाने बरोबर आहे, आयआरएसच्या (टॅक्स खात्याच्या) हिशोबाने नाही.

आता आकडे बघा. पोरगा वीस वर्षांचा, वर्षभर सहा-सात युनिट घेतोय, दुकानात २२,००० डॉलर कमावले, कॉलेजचा खर्च पुस्तकांसकट २,०००. तो स्वतःचं रिटर्न भरतो. २०२५ चं स्टँडर्ड डिडक्शन १५,७५० वजा जाता ६,२५० वर टॅक्स, साधारण सव्वासहाशे डॉलर. एओटीसी बसलं २,०००. त्यातले ४० टक्के म्हणजे ८०० रिफंडेबल (टॅक्स नसला तरी हातात येणारे), बाकीच्या १,२०० ने आधी टॅक्स शून्य केला, मग वरचे ८०० त्याच्या हातात, शिवाय पगारातून कापला गेलेला फेडरल टॅक्सही परत.

हाच पोरगा फुल-टाइम असता आणि आईवडिलांनी त्याला डिपेंडंट न दाखवता त्याला क्रेडिट घेऊ दिलं असतं, तर १९ ते २३ मधल्या ज्या फुल-टाइम विद्यार्थ्याची कमाई स्वतःच्या खर्चाच्या निम्म्याहून कमी आहे त्याला तो ८०० चा रिफंडेबल भाग मिळत नाही. पार्ट-टाइमवाल्याला ही आडकाठी लागत नाही. १८ वर्षांच्या पोराला मात्र फुल-टाइम नसला तरी कमाईची ती अट लागते, आणि १८ च्या आतल्याला रिफंडेबल भाग नाहीच.

दोघंही आयटीत असून उत्पन्नामुळे बाहेर पडलेल्या आईवडिलांसाठी हाच मुद्दा कामाचा आहे. पोरगा पार्ट-टाइम आणि कमावता असेल तर तो तसाही तुमचा डिपेंडंट नाही, त्याचं उत्पन्न मर्यादेच्या कितीतरी आत आहे, त्याला त्याचं रिटर्न भरायला बसवा. पोरगं फुल-टाइम असेल तरी तुम्ही डिपेंडंट म्हणून सोडलंत तर त्याला क्रेडिट घेता येतं, पण तेव्हा तुमचं ५०० डॉलरचं डिपेंडंट क्रेडिट जातं आणि पोराला टॅक्स असेल तरच फायदा, तेव्हा दोन्ही बाजूंनी गणित करून बघा.

कुठला खर्च धरायचा

ट्यूशन आणि सक्तीच्या फी दोन्हीकडे चालतात. पुस्तकं आणि विषयासाठी लागणारं सामान एओटीसीत कुठूनही घेतलेलं चालतं, एलएलसीत ते नाव नोंदवायची अट म्हणून कॉलेजलाच पैसे दिले असतील तरच. लॅपटॉप एओटीसीत चालतो पण कॉलेजला तो लागतोच असं असेल तर, "हवा होता म्हणून घेतला" हे नाही. पार्किंग, बस, गाडीचं पेट्रोल, राहणं, जेवण, इन्शुरन्स, स्टुडंट हेल्थ फी, काहीही नाही. पार्ट-टाइमवाल्यांच्या बिलात पार्किंग आणि हेल्थ फी हमखास असते, ती काढून टाका.

स्टुडंट लोन काढून फी भरली तर ज्या वर्षी भरली त्या वर्षी धरा. नंतर लोनचे हप्ते भरताना परत नाही.

फुकट मिळालेले पैसे आधी वजा करायचे. नोकरीवर असताना कंपनी वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत शिक्षणाचा खर्च टॅक्स न लावता देऊ शकते. समजा संध्याकाळच्या मास्टर्सची फी ७,००० आणि कंपनीने ५,२५० दिले, तर एलएलसी उरलेल्या १,७५० वरच, म्हणजे ३५० डॉलर. ५२९ या शिक्षणाच्या बचत खात्यातून काढलेले पैसे आणि क्रेडिट, दोन्ही एकाच खर्चावर नाही. पेल ग्रँट ही सरकारी शिक्षण-मदत मिळत असेल (नागरिक किंवा ग्रीन कार्ड असेल तर, एच-४ ला नाही) तर तिचा काही भाग राहण्या-जेवणावर खर्च झाला असं दाखवून तेवढा उत्पन्नात धरता येतो, मग फी क्रेडिटला मोकळी होते. कमी उत्पन्नाच्या घरात हे बऱ्याचदा फायद्याचं ठरतं, पण हे एकट्याने करण्यापेक्षा व्हीआयटीए सेंटरवर जाऊन करा, तिथे कमी उत्पन्नवाल्यांचं रिटर्न फुकट भरून देतात.

ऑनलाइन कोर्सच्या वेबसाइट आणि बहुतेक कोडिंग बूटकॅम्प चालत नाहीत. संस्था अशी हवी की जी अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या स्टुडंट एड योजनेत भाग घेऊ शकते. फेडरल स्कूल कोड शोधून बघा, सापडला तर काम झालं.

कागद आणि फॉर्म

१०९८-टी कॉलेज ३१ जानेवारीपर्यंत देतं, पण पोस्टाची वाट बघू नका, पोर्टलवर असतो. १ नंबरच्या चौकोनात कॉलेजला मिळालेले पैसे, ५ मध्ये स्कॉलरशिप, ७ मध्ये खूण म्हणजे पुढच्या जानेवारी-मार्चच्या टर्मची फी त्यात आहे. पुस्तकं त्यात नसतात, तेव्हा पावत्या तुम्हीच ठेवायच्या. सगळी फी स्कॉलरशिपमधून गेली असेल किंवा युनिट नसलेला विषय असेल तर कॉलेजला हा फॉर्म द्यायची सक्ती नाही.

भरायचा फॉर्म ८८६३. तो मागून भरायचा, म्हणजे आधी दुसऱ्या पानावर विद्यार्थ्याची माहिती. तिथे २३ ते २६ असे चार प्रश्न आहेत: आधी चार वर्षं घेतलंय का, एका तरी टर्मला हाफ-टाइम होता का, चार वर्षं आधीच पुरी झाली का, गुन्ह्याची शिक्षा आहे का. २४ ला "नाही" आलं की फॉर्म स्वतःच तुम्हाला लाइफटाइम लर्निंगच्या ओळीकडे पाठवतो. कॉलेजचा ईआयएन (संस्थेचा टॅक्स नंबर) १०९८-टी वरून उतरवा. सॉफ्टवेअर हे सगळं विचारतं, पण बऱ्याच जणांच्या हातून "फुल-टाइम विद्यार्थी होता का" ह्या प्रश्नाला "हो" जातं, आणि मग डिपेंडंटचं गणितच बदलतं. तिथे थांबून वाचा.

आणखी एक, आणि हे आपल्या लोकांना जास्त लागणारं आहे. जुलै २०२५ च्या कायद्याने २०२६ च्या टॅक्स वर्षापासून दोन्ही क्रेडिट्सना सोशल सिक्युरिटी नंबर लागणार, जो क्रेडिट मागतोय त्याचा आणि ज्या मुलाच्या फीवर मागतोय त्या मुलाचाही. आयटीआयएनवर (सोशल सिक्युरिटी नंबर न मिळणाऱ्यांना आयआरएस देतं तो टॅक्स नंबर) भागणार नाही. एच-४ वरच्या मुलांचे आयटीआयएन असतात, त्यांच्या फीवर क्रेडिट घ्यायचं असेल तर २०२५ हे शेवटचं वर्ष.

अट पुरी होत नसताना बेपर्वाईने एओटीसी घेतलं तर दोन वर्षं बंदी, मुद्दाम फसवलं तर दहा वर्षं. बंदी संपल्यावरही फॉर्म ८८६२ जोडावा लागतो.

आणि मागच्या वर्षी पात्र असून घेतलं नसेल तर १०४०-एक्स (दुरुस्त रिटर्नचा फॉर्म) भरून घेता येतं, मूळ रिटर्न भरल्यापासून साधारण तीन वर्षांच्या आत. त्याला त्या वर्षीचा ८८६३ जोडायचा, चालू वर्षाचा नाही, आणि पोराला चुकून डिपेंडंट दाखवलं असेल तर आधी तुमचं रिटर्न दुरुस्त करायचं, मग त्याचं.